जनरेटर स्टार्टच होत नाहीये, घरी आईचं ऑक्सिजनचं मशीन आहे, प्लीज सांगा

राजेंद्रनगरकर_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राजेंद्र नगरात राहतो. जरा लांबलचक होणार आहे पण सगळं लिहिल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही. आईला फुफ्फुसाचा त्रास आहे, गेल्या हिवाळ्यापासून घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलाय, पाच लिटरवाला, रात्रभर चालतो आणि दिवसाही बराच वेळ. इन्व्हर्टर आहे पण तो जुना, पंखे आणि ट्यूबलाईटपुरता, त्याच्यावर हे मशीन लावलं की दोन मिनिटांत बोंबलायला लागतो. गेल्या मंगळवारी रात्री जे वादळ आलं त्यात आमच्या मागच्या लाईनवर गुलमोहराची फांदी पडली आणि लाईट गेली ती सव्वादोन तास. छोटा सिलिंडर भरलेला होता म्हणून निभावलं, पण त्याचा काटा खाली खाली येत होता आणि मी टॉर्च धरून तेवढंच बघत बसलो होतो. आता पावसाळा तोंडावर आहे, असं परत होणारच.

तर घरात बाबांच्या दुकानातला जनरेटर पडलाय. पेट्रोलचा, दोन केव्हीए, रस्सी ओढून चालू करायचा, फोर स्ट्रोक. दुकान बंद झालं तेव्हापासून जिन्याखाली आहे, मागच्या गणपतीत कॉलनीच्या मंडपाला दिला होता तेव्हा मस्त चालला, त्यानंतर हात नाही लावला. बुधवारी बाहेर काढला, मागच्या बोळात ठेवला आणि तीस-चाळीस वेळा रस्सी ओढली असेल, खांदा उतरायची वेळ आली पण एकदाही फुरफुरलासुद्धा नाही. मी जे केलं ते सांगतो: प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून वाळवून लावला, टाकीत जुनं पेट्रोल अर्ध्याच्या खाली होतं त्याच्यावर दोन लिटर नवं टाकलं. कोपऱ्यावरच्या एका मेकॅनिकला बोलावलं तर त्याने दोनदा रस्सी ओढली आणि न उघडताच सांगितलं कारबोरेटर गेला, नवा टाकावा लागेल, बावीसशे रुपये. मला पैशाचं काही नाही, पण बावीसशे घालून पण चालू नाही झाला तर? चालू झाला की मागच्या व्हरांड्यात ठेवायचा विचार आहे, तिथे जाळी आहे म्हणजे चोरीची भीती नाही आणि आईची खोली लागूनच आहे तर वायर लांब ओढावी लागणार नाही. कुठून सुरुवात करू?

मालवा_भिया

दादा चोक ओढला होता का? आणि पेट्रोलचा कॉक? हसू नका, आमच्याकडे एकदा अख्खी संध्याकाळ यातच गेली होती. आणखी एक, टाकीच्या झाकणावर हवेची छोटी कळ असते काही मॉडेलना, ती बंद असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही. हे सगळं ओके असेल तर प्लग काढून त्या भोकात थोडं थिनर सोडा आणि ओढा, एका झटक्यात उठेल.

राजेंद्रनगरकर_इंदूर

चोक पूर्ण लावला होता, कॉक चालू होता. झाकणावर कळ नाहीये, साधं झाकण आहे. थिनर आहे घरात, टाकू का?

सियागंज_पंपवाले

थिनर टाकू नका. मी सियागंजात सत्तावीस वर्षं पंप आणि छोटी इंजिनं दुरुस्त करून राहिलोय, थिनरने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जातं आणि आतमध्ये कोरडं घासतं. त्यातून ठिणगी बाहेर आली तर हात-तोंड भाजतं ते वेगळं. भियाचा हेतू चांगला आहे पण आपल्याला इंजिन एकदा भडकवायचं नाहीये, रात्रभर चालवायचंय.

आता नीट ऐका. पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं. यातली कुठली नाही ते आधी शोधायचं, सामान नंतर विकत घ्यायचं. तुमच्या मेकॅनिकने न उघडता कारबोरेटर सांगितला, असेलही कारबोरेटर, पण बघितल्याशिवाय कसं सांगणार?

कॉम्प्रेशन सगळ्यात सोपं. रस्सी हळूहळू ओढा, झटका नाही. एका जागी हाताला जड लागायला पाहिजे, जणू आतून कोणी धरलंय, मग सुटतं. तसं लागलं तर कॉम्प्रेशन आहे. रस्सी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोण्यासारखी येत असेल तर व्हॉल्व्ह चिकटला असेल, बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये होतं असं.

मग चोक लावून पाच-सहा वेळा ओढा आणि लगेच प्लग काढा. प्लग ओला आहे का कोरडा, वास कसा आहे, ते बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, बहुतेक जास्तच पोचलंय. कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाहीये.

करंट बघायचा असेल तर आधी कॉक बंद करा, प्लगच्या भोकावर कापड ठेवा, सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि पाच मिनिटं थांबा. मग प्लग कॅपमध्ये घालून त्याचा आट्याचा भाग इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, रबराच्या पकडीने धरा, उघड्या हाताने नाही, आणि दुसऱ्याला रस्सी ओढायला सांगा. सावलीत बघा, उन्हात दिसत नाही. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी पाहिजे. स्विच ऑनवर आहे ना ते आधी बघा.

आणि जुन्यावर नवं पेट्रोल टाकलंत ते चुकलं, आता सगळं खराबच समजा. काढून टाका, टाकी कोरडी करा.

ग्वाल्हेरची_काकू

मी मशीनमधलं काही सांगू शकत नाही पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. जनरेटर व्हरांड्यात ठेवू नका. जाळी असली, तीन बाजू उघड्या असल्या तरी नाही. मी बत्तीस वर्षं ग्वाल्हेरला नर्सिंग केलं, त्यातली बरीच आयसीयूत. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी नुसतं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, घरचे म्हणतात दमलेत, झोपू द्या.

तुमच्या आईच्या बाबतीत हे दुप्पट धोक्याचं का ते सांगते. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन कुठून आणतो? खोलीतल्याच हवेतून. खोलीत धूर आला तर मशीनही तीच हवा ओढणार. आणि बोटाला लावायचं जे ऑक्सिमीटर आपण सगळे कोविडपासून घरात ठेवतो ना, ते याच्यात फसवतं. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन चिकटलेलं रक्त त्याला सारखंच दिसतं. म्हणजे आकडा ९६-९७ दिसत राहील आणि माणूस आतून गुदमरत असेल. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं अख्खं कुटुंब आणलं होतं, मॉनिटरवर आकडे छान होते.

घराच्या कुठल्याही खिडकी-दारापासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. वायर लांब लागली तर लागू द्या. आणि पेट्रोलचा कॅन कुठे ठेवता? आईच्या खोलीजवळ, सिलिंडरजवळ असेल तर आत्ता उठून हलवा.

राजेंद्रनगरकर_इंदूर

काकू, तुमचं वाचून अंगावर काटा आला. कॅन जिन्याखालीच होता आणि जिन्याची भिंत आईच्या खोलीचीच आहे. लगेच उचलून गच्चीच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला, मग विचार केला तिथे ऊन किती तापतं, तर परत खाली आणून अंगणाच्या कोपऱ्यात सावलीत ठेवला. व्हरांडा कॅन्सल. ऑक्सिमीटरचं मला खरंच माहीत नव्हतं, मी रात्री चारदा उठून तोच आकडा बघतो.

सियागंजवाले काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. कॉम्प्रेशन आहे, हाताला मस्त जड लागतं. प्लग कोरडा निघाला, पेट्रोलचा वासही नाही. मग करंट बघितला, धाकट्या भावाने रस्सी ओढली, मी पकडीने प्लग धरला, दहा-बारा वेळा बघितलं, काहीच नाही. जुना प्लग लावून बघितला, तरी नाही. म्हणजे पेट्रोल पण नाही आणि करंट पण नाही? दोन्ही एकदम कसं बिघडेल? ठिणगीचा करंट देणारी कॉईल गेली का?

टाकी रिकामी केली. पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढलं, रंग चहासारखा झालाय आणि वास पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशचा येतो. बरणी रात्रभर तशीच ठेवली होती, सकाळी बघितलं तर तळाशी बोटाएवढा वेगळा थर, वरचं वेगळं.

सियागंज_पंपवाले

दोन्ही एकदम बिघडू शकतं, पडून राहिलेल्या मशीनचं असंच असतं. आपण एक एक घेऊ, आधी करंट.

कॉईल विकत घ्यायला लगेच जाऊ नका. मला दोन गोष्टी सांगा. एक, ऑईल बघितलंत का? तुमच्या अख्ख्या पोस्टीत ऑईलचा शब्द नाही. दोन, मागचा बोळ सपाट आहे का मोरीकडे उतार आहे?

विचारतोय कारण बऱ्याच छोट्या जनरेटरना ऑईलचा सेन्सर असतो. खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑईल असलेल्या खालच्या भागात, एक फ्लोट (तरंगणारा तुकडा) असतो, ऑईल कमी झालं की तो खाली बसतो आणि कॉईलचा करंट इंजिनच्या लोखंडात उतरवून टाकतो, मग ठिणगी पडत नाही. मशीन जळू नये म्हणून केलेली सोय आहे. पण मालकाला वाटतं कॉईल गेली, प्लग गेला, आणि लोक तीन-तीन हजार खर्च करून बसतात. ऑईल जरा कमी असेल आणि वर मशीन तिरकं ठेवलेलं असेल तर सेन्सर हमखास पडतो. माझ्या दुकानात करंट नाही म्हणून जेवढे जनरेटर येतात त्यातले कितीतरी मी नुसतं ऑईल भरून परत पाठवले आहेत, त्याचे पैसेही घेत नाही.

मशीन सपाट फरशीवर ठेवा. ऑईलच्या झाकणाची पट्टी काढून पुसा, परत आत घाला पण आटे न फिरवता, नुसती टेकवा, मग काढून बघा. छोट्या इंजिनांत बहुतेक असंच बघतात, आटे फिरवून बघितलं की ऑईल जास्त दिसतं. कमी असेल तर १० डब्ल्यू ३० ऑईल भोकाच्या काठापर्यंत भरा. या साईझच्या इंजिनात सगळं मिळून अर्धा ते पाऊण लिटरच्या आत मावतं, जास्त भरू नका.

तरी करंट नाही आला तर खाली क्रँककेसच्या बाजूने एक बारीक वायर निघते, बहुतेक पिवळी असते, तिचा जोड तात्पुरता सोडून बघा. ती सोडल्यावर करंट आला म्हणजे सेन्सर खराब. पण बघून झालं की वायर परत जोडायची, कायमची सोडून ठेवायची नाही. रात्री ऑईल संपलं तर तीच तुमचं इंजिन वाचवणार आहे.

वडोदरा_अलकापुरी

त्या बरणीतल्या थराबद्दल लिहितो. मी वडोदऱ्याला इंधनाच्या टेस्टिंगमध्येच काम करायचो, आता रिटायर झालोय. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. आधी १० टक्के होतं, २०२३ पासून २० टक्केवालं यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत काही फरक पडत नाही, टाकी आठवड्यात रिकामी होते, पण जनरेटर पावसाळा संपताना ठेवलात आणि दहा महिन्यांनी काढलात, अर्धी टाकी रिकामी म्हणजे वर सगळी दमट हवा, झाकणाच्या भोकातून दिवसाची गरम हवा बाहेर आणि रात्रीची गार हवा आत, असं रोज चालू. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. तुमच्या बरणीत तेच झालंय. आणि कारबोरेटरला पेट्रोल कुठून जातं, टाकीच्या तळातूनच.

वरचा चहासारखा रंग म्हणजे पेट्रोलचा हलका भाग उडून गेला आणि उरलेल्याचा डिंक व्हायला लागला. तो डिंक जेटमध्ये, म्हणजे कारबोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात बसतो. तुमचा प्लग कोरडा का, त्याचं उत्तर मला वाटतं हेच आहे.

जुन्या छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आतली रबरं २० टक्क्यांच्या हिशोबाने केलेली नसतात. तेव्हा पेट्रोलची नळी हाताने दाबून बघा, चिकट किंवा फुगलेली वाटली तर बदला, शंभर रुपयांच्या आतलं काम आहे. आणि ते काढलेलं पेट्रोल मोरीत ओतू नका, मोटरसायकलमध्येही घालू नका.

राजेंद्रनगरकर_इंदूर

काका, पट्टी पूर्ण कोरडी होती! नुसत्या टोकाला काळा ठिपका. आणि बोळाला उतार आहेच, मोरीकडे चांगला चार बोटं उतार आहे, मी त्याच उतारावर तीस-चाळीस वेळा ओढत बसलो होतो. मंडपात अकरा दिवस चालला होता, त्यात कोणी ऑईल बघितलंच नसणार. अंगणात फरशीवर ठेवून ऑईल घातलं, चारशे मिलीच्या वर गेलं. भावाने ओढली आणि पहिल्याच ओढीला ठिणगी, निळी, टक असा आवाज पण आला. कॉईल ठीक, सेन्सर ठीक, सगळं ठीक. आईला खिडकीतून दाखवलं, तिला काय झालं ते कळलं नाही पण आमचे चेहरे बघून हसली.

आता पुढचं. नवं पेट्रोल एक लिटर टाकलं, चोक लावला, आठव्या-नवव्या ओढीला चालू झाला. पण चोक जरा जरी सोडला की आवाज चढतो-उतरतो, चढतो-उतरतो आणि बंद. चोक लावून ठेवला तर काळा धूर टाकत मिनिटभर चालतो मग तोही बंद. नळी बदलली, ती खरंच चिकट होती. आता जेट का?

सियागंज_पंपवाले

जेटच. चोक लावल्यावर हवा कमी म्हणून कसंबसं चालतं, चोक सोडला की पेट्रोल पुरत नाही, भोक चोंदलंय. नवा कारबोरेटर लागत नाही, उघडून साफ करा.

कॉक बंद करा. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः त्या बारीक स्प्रिंगा आणि सळ्यांचे, कुठली कुठल्या भोकात आहे ते. गव्हर्नर म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा भाग, त्याच्या स्प्रिंगला आणि स्क्रूला अजिबात हात लावायचा नाही. तुमचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं तेव्हा ५० हर्ट्झ येतात, तो स्क्रू हलला की फेरे हलतात आणि व्होल्टेजही हलतं, मग आईच्या मशीनचं बोर्ड उडेल. लोक आवाज चढ-उतार करतोय म्हणून तोच स्क्रू आधी फिरवतात.

खाली वाटीसारखी असते ती दहाच्या पान्याने उघडते. खाली ताट धरा, आतलं पेट्रोल पडेल. वाटीचं रबर जपून काढा, पेट्रोलने फुगलं तर परत बसत नाही, थोडा वेळ उघड्यावर ठेवलं की आक्रसतं. मधोमध उभा मेन जेट आहे, पितळेचा, त्याच्या खाचेत बरोब्बर बसणारा पेचकस घ्या, छोटा घेतला तर खाच कापली जाईल. त्याच्या वर एक लांब नळी असते बारीक भोकांची, ती पण काढा. बाजूला छोटा पायलट जेट असतो, तो सगळ्यात बारीक, बहुतेक वेळा चोंदलेला तोच असतो. सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मशीन कायम पेट्रोल पितं. साध्या वायरमधली तांब्याची एक तार काढा, तेवढी पुरते. कारबोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, सगळ्या भोकांत, डोळ्यांना चष्मा लावा कारण एका भोकात मारलं की दुसऱ्यातून सरळ तोंडावर येतं. हवेचा पंप असेल तर हवा मारा.

मालवा_भिया

काका थिनरचं मी चुकीचं सांगितलं होतं, दादा सॉरी. आमच्या इथे सगळे तसंच करतात म्हणून लिहिलं. हवेसाठी सायकलचा पंप चालतो, मी वेल्डिंगवाल्याकडे जायचो आधी.

राजेंद्रनगरकर_इंदूर

भिया सॉरी कशाला, सायकलचा पंपच कामाला आला.

काल रात्री आई झोपल्यावर अंगणात बल्ब लावून बसलो. स्टीलचं ताट घेतलं. वाटी उघडली तर आत तळाला हिरवट-पिवळा चिकट थर, तुपाच्या बेरीसारखा, आणि मधे दोन पाण्याचे थेंब गोल गोल फिरत होते. मेन जेट काढून बल्बसमोर धरला, उजेड दिसला पण भोक अर्धंच, कडेला किटाण. पायलट जेट धरला तर काहीच नाही, पूर्ण काळा. मला आधी वाटलं मी उलटा धरलाय. स्प्रे मारला, दहा मिनिटं भिजत ठेवला, तांब्याची तार घातली तर जाईचना, परत स्प्रे, परत तार, असं करत करत चौथ्यांदा तार आरपार निघाली आणि बल्बसमोर धरला तर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला. एवढ्याशा भोकामुळे सगळं अडलं होतं. सगळं परत लावलं, वाटीचं रबर खरंच फुगलं होतं, अर्धा तास ठेवल्यावर बसलं.

रात्री साडेअकरा वाजता चालू करून अख्खी कॉलनी उठवायची नव्हती म्हणून सकाळी केला. दुसऱ्या ओढीला चालू. चोक हळूहळू सोडला, आवाज एकसारखा, चढ-उतार नाही. मीटर लावून बघितलं, रिकाम्या मशीनला २३४ दाखवतो. अजून आईचं मशीन लावलेलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय लावायचं नाही असं ठरवलंय. शेजारचे म्हणत होते दोन्हीकडे पिन असलेली वायर करून जनरेटरमधून सरळ घराच्या सॉकेटमध्ये द्या, सगळं घर चालेल. ते बरोबर आहे का?

सियागंज_पंपवाले

अजिबात नाही. त्या दोन पिनांच्या वायरची एक पिन सॉकेटमधून निसटली तर तिच्यावर उघडा करंट असतो. आणि मेन स्विच पाडायचा राहिला तर तुमचा करंट उलटा खांबावर जातो, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन. वादळाच्या रात्री खांबावर लाईनमन चढलेला असतो, तुमच्याच घरची लाईट आणायला. आणि लाईट परत आली तर जनरेटर जळतो ते वेगळं. घराला द्यायचा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, तो एका वेळी लाईन किंवा जनरेटर एकच जोडतो. तुम्हाला एकच मशीन चालवायचंय तर चांगली तीन कोरची अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर, जनरेटरपासून सरळ आईच्या मशीनपर्यंत, मधे जोड नको.

चालू केल्यावर तीन-चार मिनिटं रिकामा गरम होऊ द्या, मीटर बघा, मग मशीन लावा. आधी बाबांचा एखादा पंखा किंवा दोनशेचा बल्ब लावून बघा व्होल्टेज किती पडतं. पेट्रोल भरायचं तर बंद करून, गार झाल्यावरच. आणि पावसात उघड्यावर नाही, वर पत्रा पाहिजे, पण चारी बाजू मोकळ्या.

ग्वाल्हेरची_काकू

एक माझ्याकडून. लाईट गेली की आधी आईंना सिलिंडरवर घ्या, मग जनरेटरकडे जा, घाई नको. कॉन्सन्ट्रेटर चालू केल्या केल्या पूर्ण शुद्धतेचा ऑक्सिजन देत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. तो स्थिर झाला, अलार्म नाही, मग नळी बदला. आणि सिलिंडर नेहमी एक भरलेला जास्तीचा असू द्या. जनरेटर कितीही चांगला झाला तरी तो रात्री तीन वाजता कोणीतरी उठून ओढायचा असतो, तुम्ही घरी नसलात तर कोण ओढणार?

वडोदरा_अलकापुरी

काकूंच्या या शेवटच्या प्रश्नावर सुचवतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो, मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं ते बघा. दीडशे अँपिअर-तासाची चांगली बॅटरी म्हणजे १२ व्होल्टच्या हिशोबाने १८०० वॉट-तास, त्यातून इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरी तळापर्यंत न नेण्याची काळजी धरली तर तीन-साडेतीन तास हाती लागतात. तुमची लाईट सव्वादोन तास गेली होती. तेव्हा पैसे साठवून या मशीनसाठी एक वेगळा साईन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईनसारखा करंट देणारा इन्व्हर्टर घ्या, स्क्वेअर वेव्हवाला नको, त्याच्यावर कॉम्प्रेसरची मोटर गरम होते. मग जनरेटर फक्त लांबलेल्या रात्रीसाठी राहील आणि पहिल्या मिनिटाला कोणाला धावावं लागणार नाही. तुमचा जुना इन्व्हर्टर दोन मिनिटांत का ओरडतो तेही बघा, बॅटरीच गेलेली असेल.

राजेंद्रनगरकर_इंदूर

सगळ्यांना शेवटचं सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला लागलं तर कळेल.

मागचा बोळ सोडला, तिथे दोन घरांत चारच फूट जागा आहे आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. काकूंनी फक्त आपल्या खिडकीबद्दल लिहिलं होतं पण टेप घेऊन मोजायला लागलो तेव्हा लक्षात आलं की धूर त्यांच्याकडे जाईल, त्यांची सून बाळंतपणाला आलेली आहे. मग पुढच्या अंगणात, फाटकाजवळ, कडुलिंबाच्या बाजूला जागा काढली. आमच्या खिडकीपासून चोवीस फूट, शेजाऱ्यांच्या तेवीस. चार लोखंडी पाईपांवर पत्रा टाकून घेतला, खाली सिमेंटची फरशी लेव्हल लावून बसवली. धुराचं तोंड रस्त्याकडे. वायर अडीच स्क्वेअरची, वीस मीटर अखंड.

काल दुपारी ट्रायल केली. आईला सिलिंडरवर घेतलं, जनरेटर दुसऱ्या ओढीला चालू झाला, चार मिनिटं थांबलो, पंखा लावून बघितला तर २२९ वर आलं, मग कॉन्सन्ट्रेटर लावला, २२६ वर स्थिर. सात मिनिटांनी नळी बदलली. एक लिटर पेट्रोल मोजून घातलं होतं, त्यात एक तास वीस मिनिटं चालला. शेवटी मुद्दाम कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवला म्हणजे वाटीत काही राहिलं नाही. आता महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवायचा आणि असाच कॉक बंद करून थांबवायचा, टाकीत साठवायचं नाही, कॅनमध्ये पाच लिटर आणि तेही दर महिन्याला मोटरसायकलमध्ये घालून नवं आणायचं.

भावाला शिकवलं, बायकोलाही शिकवलं. तिला पूर्ण झटका जमत नव्हता पण रस्सी आधी हळू ओढून जड लागेपर्यंत आणायची आणि मग तिथून ओढायची हे केल्यावर तिसऱ्या वेळी तिनेही चालू केला. इन्व्हर्टरची बॅटरी खरंच गेलेली निघाली, नव्यासाठी चौकशी चालू आहे. गणपतीच्या मंडळालाही कळवलंय की यावर्षी जनरेटर मिळणार नाही, त्यांनी काही विचारलं नाही, उलट अध्यक्ष स्वतः येऊन सांगून गेले की मंडळाचा मोठा सिलिंडर आहे कोविडच्या वेळचा, तो भरून तुमच्याकडेच ठेवतो.

आत्ता साडेनऊ झालेत, राऊच्या बाजूला वीज चमकतेय. ऑईल बघून आलो, पट्टीवर काठापर्यंत आहे.